मेणाचा पाय

कॅझिल्डा मावशीचा उजवा पाय
मी पेपरात गुंडाळून टेकडीवर नेला.
खरा पाय खाली, चेंदणीच्या घरात,
तेल लावून स्टुलावर ठेवलेला.
"मना चढवत नाय गो," म्हणाली, "तू जा.
माझ्या नावानं ठेव फक्त. बोलायचं काय नाय.
माय वळखते."

मी दुर्कस. जालन्याच्या मिशन कंपाउंडमधली.
आमच्या देवळाच्या भिंती पांढऱ्या,
एक घड्याळ, एक गीतांच्या नंबरांची पाटी.
बाबा पाळक होते. सांगायचे,
कबर रिकामी आहे हीच तर बातमी,
मग रिकामी कबर बघायला तिकीट कशाला काढायचं?
मंडळीतले उबाळेकाका एकदा जाऊन आले येरुशलेमला,
यार्देनचं पाणी आणलं औषधाच्या बाटलीत.
बाबांनी आभार मानून घेतलं
आणि संध्याकाळी जास्वंदीला घातलं.
पुढं ती जास्वंद बरीच वर्षं वेड्यासारखी फुलली.
घरात त्याविषयी कुणी काही बोललं नाही.

पायथ्याच्या दुकानात मेणाचं सगळं मिळतं.
हात, डोळे, तान्हं बाळ, दोन मजली घर,
व्हिसा अडला असेल तर विमानसुद्धा.
मी म्हटलं, गुडघा द्या.
"सुटा येत नाही, बाई. अख्खा पाय घ्या,
गुडघा त्यातच आला."
डावा की उजवा?
"साचा एकच आहे."
चाळीस वर्षं सिव्हिलमध्ये नर्स होते मी.
ऑपरेशन करून घे, असं मीच सांगितलं होतं मावशीला.

वर ऊन. खाली खाडी, टॉवर,
घोडबंदर रोडचा न संपणारा खडखडाट.
मी आधी पाटी शोधली.
साल कुठलं, बांधलं कुणी,
दगडावर अक्षरं होती, झिजलेली,
चष्मा पुसून वाचायला लागले
तर माझ्या खांद्यावरून एक हात आला
आणि त्याच अक्षरांना लागून कपाळाला गेला.
मग दुसरा. मग एका पोराचा, आईनं उचलून धरलेल्या.
म्हणजे मी वाचत होते ते
यांच्याच बोटांनी पुसलं होतं.

एक म्हातारा मूर्तीसमोर मोबाईल उंच धरून उभा.
मोबाईलमध्ये कुवेतहून कुणीतरी
डोळे मिटून.
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असलेली एक मुलगी
गुडघ्यांवर चालत आली, उठली,
सलवार झटकून घड्याळ बघितलं.
माझ्या हातांना काय करावं कळेना.
आम्ही जोडतो ते डोळे मिटून, समोर काही नसताना.
डोळे मिटले तर पाय पडेल.

पेपर सोडला.
उन्हानं मेण मऊ झालेलं,
पोटरीत माझी तीन बोटं रुतलेली,
घोट्यापाशी अंगठा, रेषांसकट.
पुसायला गेले तर आणखी एक उमटलं.
तसाच ठेवला, बाकीच्या पायांत.

बाबांच्या पुस्तकात एका पानाचा कोपरा
अंगठ्यानं काळा झालाय.
बाइंडर म्हणाला होता, कापून सरळ करतो.
मी पुस्तक परत घेऊन आले.
झोप येत नाही तेव्हा ते पान उघडते.
वाचत नाही.

उतरले तेव्हा दिवे लागले होते.
"काय बोललीस मायेला?"
काही नाही.
"तुझ्यासाठी पण मागायचंस की."
मी नेहमीचं बोलले. आमच्यात, मावशी,
माणूस आणि देव यांच्या मध्ये कुणी लागत नाही.
तिनं पाय हळूच माझ्याकडे सरकवला.
"मग आज मध्ये कोण होता गो?"

मी तेलाची वाटी ओढली.
हाताला अजून मेणाचा वास होता,
तो तेलात गेला.
"जरा वर," ती म्हणाली. "हां. तिथं."